नवी लागण थांबवायची तर: विदर्भातल्या तालुक्यासाठी एचआयव्हीचे काम, पायरी-पायरीने

देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. दोन हजार प्रौढांच्या गावात हिशेबाने चार जण. प्रत्यक्षात एखाद्या गावात कोणीच नसते आणि महामार्गालगतच्या गावात दहा निघतात. औषध म्हणजे बहुतेकांना रोज एक गोळी, तीही सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) केंद्रात मोफत. ती नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका खाली गेला, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्यामुळे आमचे मत ठाम आहे: ज्या तालुक्यात गोळ्यांची बाटली दर महिन्याला न चुकता त्या माणसाच्या हातात पडते, तिथेच नवी लागण थांबते. १ डिसेंबरची, जागतिक एड्स दिनाची रॅली आणि भिंतीवरच्या घोषणा हव्यातच, पण त्यांचा नंबर त्यानंतर.

आशाताई, एएनएम (आरोग्यसेविका), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आयसीटीसीचे (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राचे) समुपदेशक आणि या कामात हात घालू पाहणारे ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी ही मांडणी आहे.

गावांचा नकाशा आणि हंगाम

सगळ्या गावांत सारखेच काम करायला माणसे पुरत नाहीत आणि तशी गरजही नाही. आधी तालुक्याचा नकाशा काढून त्यावर जागा मांडा: ट्रक थांबतात ते ढाबे, कोळसा खाणींच्या वसाहती, रेती घाट, जिनिंग, विटाभट्ट्या, मोठे आठवडी बाजार, जत्रा. नागपूर–हिंगणघाट–पांढरकवडा हा ४४ क्रमांकाचा महामार्ग, अकोला–अमरावती–नागपूर हा ५३ क्रमांकाचा, वणी–घुग्घुस–बल्लारपूरचा कोळसा पट्टा, ही नावे कोणालाही सुचतील. बाहेर जाणारी माणसे मात्र नकाशावर यायची राहून जातात. गडचिरोली-चंद्रपूरकडची कुटुंबे मिरची तोडणीला तेलंगणात जातात, मेळघाटातली कोरकू कुटुंबे खालच्या मैदानी भागात आणि विटाभट्ट्यांवर जातात. महिनोन्‌महिने ती गावात नसतात आणि आपली शिबिरे नेमकी त्याच काळात होतात.

म्हणून शिबिराची तारीख लोकांच्या हंगामावरून ठरवा. मेळघाटात होळी हा सर्वात मोठा सण, बाहेर गेलेले त्या वेळी घरी येतातच. तो आठवडा सोडू नका. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) भरते, नाटकांचा हंगाम सुरू होतो, पाहुणे येतात. माहिती द्यायला तो काळ चांगला. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत कोणीही येणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात जातात, तेव्हा तपासणी संध्याकाळी सहानंतर ठेवा, नाहीतर म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच समोर बसलेली दिसतील.

एक पथ्य कडक पाळा. नकाशावर जागा लिहायच्या, माणसांची किंवा घरांची नावे कधीही नाहीत. देहविक्री करणाऱ्या महिला, तृतीयपंथी, समलिंगी पुरुष यांच्यापर्यंत त्यांच्यातल्याच सहकाऱ्यांमार्फत, म्हणजे लक्ष्यगट प्रकल्पाच्या (जास्त धोक्याच्या गटांसाठीच्या एचआयव्ही प्रकल्पाच्या) किंवा लिंक वर्करच्या (गाव आणि आरोग्यसेवा जोडणाऱ्या कार्यकर्त्याच्या) मदतीने जा. एखाद्या वस्तीची यादी एकदा पोलिसांच्या किंवा गावपुढाऱ्यांच्या हाती गेली, की ती वस्ती पुढे तपासणीला येत नाही.

तपासणी: रक्ताच्या थेंबापासून निकालापर्यंत

फक्त एचआयव्हीचे शिबिर लावू नका. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, सिकलसेल, क्षयरोगाची लक्षणे आणि एचआयव्ही असे एकत्र शिबिर ठेवले, की रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी बोट दाखवत नाही. पण त्या गर्दीत एचआयव्हीची संमती बुडता कामा नये. तपासणी कशाची आहे, निकाल कोणाला कळेल, नको म्हणता येते, एवढे प्रत्येकाला वेगळे बसवून सांगायचे आणि मगच बोट टोचायचे. शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या तर एक फक्त यासाठी ठेवा.

शंभर जणांच्या शिबिराला साधारण ११० चाचण्या घ्या, कारण काही वाया जातातच. लॅन्सेट तेवढेच आणि वर दहा, स्पिरिट स्वॅब, हातमोजे, मिनिटे दाखवणारे घड्याळ किंवा टायमर, लॅन्सेट टाकायला न टोचणारा पांढरा डबा, रक्ताच्या कापसासाठी पिवळी पिशवी, हातमोज्यांसाठी लाल, आणि सांडलेल्या रक्तासाठी त्याच दिवशी बनवलेले १ टक्क्याचे सोडियम हायपोक्लोराइट. सांडलेल्या रक्तावर आधी कापूस टाका, वर द्रावण ओता, अर्धा तास थांबा, मग पुसा.

विदर्भात सगळ्यात जास्त बिघडते ते उन्हामुळे. बऱ्याच रॅपिड (झटपट तपासणीच्या) किटवर २ ते ३० अंश आणि काहींवर २ ते ८ अंश तापमान लिहिलेले असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या वर जातो आणि बंद जीपमध्ये त्याहूनही जास्त. डॅशबोर्डवर दोन तास राहिलेली किट बाहेरून अगदी ठीक दिसते आणि निकाल चुकीचा देते. उन्हाळ्यात किट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये न्या, पण पाकीट बर्फाला चिकटू देऊ नका, कारण गोठलेली किटही बाद होते. थंड किट पाकिटासकट सावलीत ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. शिबिर सकाळी सातला सुरू करून दहाला आटोपा.

टोचताना अनामिकेच्या टोकाची बाजू घ्या, मधला गुबगुबीत भाग नको. स्पिरिट वाळू द्या, नाहीतर ते रक्तात मिसळते. पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा घ्या. बोट जोरात पिळू नका, पिळल्याने रक्तात पाणी उतरते. रक्ताचे प्रमाण आणि बफरचे थेंब किटच्या कागदात लिहिलेत तेवढेच, आणि एका कंपनीच्या किटचे बफर दुसरीला कधीही वापरू नका. वेळ घड्याळ लावून पाळा. पंधरा मिनिटे लिहिली असतील तर पाचव्या मिनिटाला 'काही नाही' म्हणून पट्टी टाकू नका आणि तासाभराने उगवलेली रेघही निकाल म्हणून वाचू नका. कंट्रोलची (किट नीट चालल्याची) रेघ आली नाही तर चाचणी बाद, नवी किट घ्या. चाचणीची रेघ फिकट दिसली तरी ती लागणीची शंका, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्हच धरायची.

रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, आणि हे पाठ करून भागत नाही, पटले पाहिजे. समजा तुम्ही हजार गरोदर मातांची चाचणी केली, त्यात खरी लागण एकीला आहे आणि चाचणी हजारात पाच वेळा चुकते. तर रिअ‍ॅक्टिव्ह सहा निघतील आणि त्यातल्या पाच जणी निरोगी असतील. लागण जितकी कमी होत जाईल तितके हे प्रमाण वाढत जाईल. म्हणून निदान आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या चाचण्या झाल्याशिवाय होत नाही. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

गावात सांगायचे वाक्य साधे असावे: "भाऊ, पहिल्या तपासणीत थोडी शंका आली आहे. एवढ्यावरून काही ठरत नाही. ग्रामीण रुग्णालयात आणखी तपासण्या करून पक्के कळते, मी सोबत येते." यात 'एचआयव्ही निघाला' हा शब्दप्रयोग कुठेही नाही, आणि नसावाच.

निगेटिव्ह आलेल्यालाही अर्धवट सोडू नका. लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत तीन आठवडे ते तीन महिने जातात. मागच्या तीन महिन्यांत धोका झाला असेल तर पुढची तारीख त्याला लिहून द्या.

रिअ‍ॅक्टिव्ह ते पहिली बाटली

माणसे सगळ्यात जास्त इथे गळतात. उपकेंद्रात रिअ‍ॅक्टिव्ह, तालुक्याला पक्के निदान, जिल्ह्याला एआरटी केंद्र, असे तीन प्रवास आणि तीन दिवसांची मजुरी. 'उद्या या' म्हटले की उद्या येतच नाही.

शिबिरातून निघण्याआधीच आयसीटीसीची तारीख आणि सोबत कोण जाणार हे ठरवा. निदान झाले की समुपदेशकाने त्याच वेळी एआरटी केंद्राला फोन करायचा आणि रुग्णाला वार, वेळ आणि कोणत्या खिडकीवर जायचे ते सांगायचे. माणूस तयार असेल तर औषध त्याच दिवशी, नाहीतर सात दिवसांत सुरू व्हावे. सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती आहे यावर ते आता अडत नाही, २०१७ पासून देशात सगळ्यांना उपचार आहेत. थांबायचे ते क्षयरोगाची किंवा मेंदूज्वराची शंका असेल तेव्हा. म्हणून खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम हे चार प्रश्न पहिल्या दिवशी विचाराच. क्षयरोग निघाला तर आधी त्याचे औषध सुरू होते आणि एआरटी केव्हा द्यायची ते डॉक्टर ठरवतात; उलटा क्रम झाला तर प्रकृती एकदम बिघडू शकते. क्षयरोगाच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीच्या गोळीतल्या डोलुटेग्राविर या औषधाचे रक्तातले प्रमाण घटते, म्हणून अशा रुग्णाला रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी देतात. ती त्याच्या पिशवीत आहे का, हे आशाताईंनी पाहिले तर मोठे काम होते.

भाड्यासाठीही सोय आहे. एचआयव्हीबाधितांना एसटीत प्रवास सवलत मिळते. संजय गांधी निराधार योजनेतही हा आजार बसतो, महिन्याला १५०० रुपये. अट वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असण्याची. तहसीलच्या अर्जात आजाराचे नाव चारचौघांत वाचले जाते ही खरी अडचण आहे, त्यामुळे अर्ज समुपदेशकाने स्वतः नेऊन द्यावा हे बरे.

गोळी चालू ठेवणे

बहुतेक प्रौढांना टीएलडी ही गोळी मिळते: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम, एकाच गोळीत. बाटलीत तीस. रोज ठरलेल्या वेळी एक. राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन मात्र नाही. महिन्यात एकदा चुकणे चालून जाते. चार-पाचदा चुकले की विषाणू वाढू लागतो आणि औषधाला निर्ढावू शकतो.

गरोदर महिलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी टीएलडीसोबत घेतल्या तर डोलुटेग्राविर अंगी लागत नाही. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी, किंवा मग सगळे जेवणासोबत एकत्र. पित्ताच्या औषधांना जेवणाची सूट नाही, तिथे दोन तास आधी की सहा तास नंतर एवढेच. लोह-कॅल्शियम वाटणाऱ्या आशाताई तुम्हीच आहात, त्यामुळे हे सांगायची जागाही तुमचीच.

पत्र्याच्या घरात मे महिन्यात गोळ्या कुठे ठेवायच्या हेही सांगावे लागते. पत्र्याच्या पेटीत नको, दुचाकीच्या डिक्कीत नको, चुलीवरच्या फळीवर नको. ऊन न लागणाऱ्या भिंतीतला कोनाडा चांगला. झाकण घट्ट हवे, आतली शोषक पुडी काढायची नाही, आणि गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून वावरात न्यायच्या नाहीत. लपवण्यासाठी बाटलीचे लेबल काढायचेच असेल तर समुपदेशकाला सांगून काढा, म्हणजे मुदतीची तारीख कुठेतरी लिहून राहते.

मिरची तोडणीला किंवा भट्टीवर निघालेल्याला जाण्याआधी विचारा: कुठे, किती दिवस, सोबत कोण. तब्येत स्थिर असलेल्याला दोन-तीन महिन्यांचे औषध एकदम देता येते. उपचाराच्या नोंदींचे हिरवे पुस्तक सोबत असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातले, अगदी दुसऱ्या राज्यातले एआरटी केंद्रही औषध देते. पुस्तकाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवायला सांगा. पुस्तक पावसात भिजते, फोटो राहतो.

व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची) तपासणी औषध सुरू झाल्यापासून सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. आकडा एका मिलिलिटरमागे १०००च्या वर आला तर रागावू नका. तीन महिने सलग समुपदेशन करून पुन्हा तपासतात, तरीही वर राहिला तर औषध बदलण्याचा विचार होतो. बहुतेकदा कारण गोळीत नसते, घरात असते: नवऱ्याला सांगितलेले नाही, सासू पिशवी उघडते, दारू, रात्रपाळी. याच्या उलट धोका चांगल्या निकालात असतो. 'विषाणू आढळला नाही' असा कागद हातात आला की काही जण बरे झालो समजून गोळी सोडतात, काही खासगी लॅबमध्ये पुन्हा रॅपिड चाचणी करून घेतात. निकाल देतानाच सांगा: विषाणू दबला आहे, गेलेला नाही, गोळी सोडली तर काही आठवड्यांत परत वर येतो.

जोडीदार आणि मुले

एक निदान झाले की त्याच्या जोडीदाराला, आणि लागण बाईला असेल तर तिच्या सगळ्या मुलांनाही, तपासणीसाठी बोलवायचे. मोठे मूल तब्येतीने चांगले आहे म्हणून वगळू नका. जन्मतः लागण झालेली मुले दहा-बारा वर्षांची होईपर्यंत बरी दिसू शकतात. पण जोडीदाराला सांगण्याआधी बाईला एकांतात विचारा: घरात मारहाण होते का, धमकी आहे का, सांगितल्यावर घराबाहेर काढतील का. उत्तर 'हो' असेल तर घाई नको. दोघांना एकत्र बोलावून समुपदेशकाने सांगावे, किंवा नाव न घेता जोडीदाराला तपासणीला आणावे. कोणता मार्ग घ्यायचा हे तीच ठरवेल.

गरोदरपण, माहेर आणि बाळ

काहीच केले नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आई वेळेवर औषधावर असेल आणि बाळाला सिरप मिळाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. त्यामुळे पहिल्या तिमाहीतच एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करा. नवरा बाहेरगावी कामाला असेल किंवा धोका असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा.

आपल्याकडे साखळी तुटते ती पहिल्या बाळंतपणाला. नोंद सासरच्या उपकेंद्रात, औषध सासरच्या जिल्ह्यात आणि सातव्या महिन्यात पोरगी माहेरी. माहेरच्या प्रसूतिगृहाला काहीच माहीत नसते, सिरप मिळत नाही, सहा आठवड्यांची तपासणी हुकते. सहाव्या महिन्याच्या भेटीतच विचारा: "ताई, बाळंतपण कुठे?" माहेरचा तालुका कळला की तिच्या संमतीने समुपदेशक तिथल्या समुपदेशकाशी बोलेल आणि प्रसूती कुठल्या दवाखान्यात होणार ते ठरेल. बाळंतपणानंतर ती सासरी कधी परतणार हेही विचारून ठेवा.

बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिन सिरप, सहा आठवडे. आईला उशिरा औषध सुरू झाले असेल किंवा व्हायरल लोड वर असेल तर दोन औषधे, आणि अंगावर पाजत असेल तर बारा आठवडे. सिरप सिरिंजने मोजून द्यायचे, चमच्याने नाही, आणि आईकडून एकदा समोर भरून घ्यायचे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध. गुटी, मध, गाईचे दूध, पाणी मध्ये आले की बाळाच्या आतड्याला इजा होऊन लागणीचा धोका वाढतो, आणि हे आजीला सांगावे लागते, आईला एकटीला सांगून उपयोग नाही. आजीला कारण सांगताना आजाराचे नाव घ्यायची गरज नाही, प्रत्येक बाळाला तोच नियम आहे.

सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावर घेतात. कार्ड सावलीत आडवे ठेवून किमान चार तास सुकवा. उन्हात, पंख्याच्या थेट झोतात किंवा ओले असताना पाकिटात घातले तर नमुना परत येतो आणि महिना वाया जातो. त्याच वेळी कोट्रायमोक्साझोल (इतर जंतुसंसर्ग टाळण्याचे औषध) सुरू होते. पुढे सहा महिने, बारा महिने आणि शेवटी अठरा महिन्यांची तपासणी. पाजणे थांबवल्यावरही एक. अठराव्या महिन्याच्या निकालाशिवाय बाळाला 'मोकळे' म्हणू नका. लसीकरणाच्या कार्डातल्या तारखांशी या तारखा जुळवल्या की आईच्या खेपा वाचतात.

निरोध, गुप्तरोग, सुया

निरोध फक्त उपकेंद्रात ठेवले तर पाचनंतर ते कोणालाच मिळत नाहीत. ढाबा, पानठेला, सलून, विटाभट्टीच्या मुकादमाची खोली इथे ठेवा, दर पंधरा दिवसांनी मोजून भरा. खोबरेल तेल लावले की ते फाटतात, हे सांगायला लाजू नका. जननेंद्रियावर जखम किंवा पू असेल तर एचआयव्हीचा धोका वाढतो; औषध मोफत आहे, मेडिकलवरून मलम घेऊन दिवस घालवू नयेत.

सुईचे धोके जत्रेतले गोंदण, बोगस डॉक्टरची एकच सुई आणि टोचून घेण्याची नशा. आरोग्यसेवकाला सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, तोंडाने ओढू नका. लागण टाळणाऱ्या औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत, आणि औषध २८ दिवस. बलात्कारपीडितेलाही हेच लागू होते. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रात्री हे औषध कोणत्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे ते आजच पाहून घ्या.

गुप्तता

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय निकाल सांगणे नाही, नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव नाही. तक्रार राज्याच्या लोकपालाकडे करता येते. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

गावात मात्र गुप्तता फुटते ती छोट्या गोष्टींतून: रजिस्टरमध्ये लाल शाईची रेघ, प्रसूती कक्षात खाटेला लावलेली चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली 'ड्यू लिस्ट', आशाताईंची एकाच घरी दर महिन्याची फेरी. सगळ्या गल्लीला भेट द्या, त्यात ते घरही येऊ द्या. आणि एखाद्याला ओळखीच्या भीतीने दुसऱ्या जिल्ह्यातून औषध घ्यायचे असेल तर घेऊ द्या, फक्त नोंद कुठे आहे ते कळले पाहिजे.

महिन्याची बैठक

महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकारी, समुपदेशक, लिंक वर्कर आणि क्षयरोग पर्यवेक्षक एका टेबलावर बसा. किती तपासण्या झाल्या हा प्रश्न शेवटी घ्या. आधी चार याद्या, नावांऐवजी क्रमांकाने: रिअ‍ॅक्टिव्ह आले पण आयसीटीसीला पोचले नाहीत, निदान झाले पण बाटली घेतली नाही, बाटली घ्यायची तारीख होऊन सात दिवस गेले, व्हायरल लोड किंवा बाळाची तपासणी या महिन्यात देय आहे. प्रत्येक क्रमांकापुढे कोण फोन करणार, कधी करणार आणि तो माणूस सध्या कोणत्या गावी आहे ते लिहा. एकच क्रमांक सलग दोन महिने यादीत राहिला तर फोन सोडून द्या आणि त्याने सांगितलेल्या जागी समुपदेशकाने प्रत्यक्ष जाऊन भेटावे. जागा बहुतेकदा घर नसते. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँड चालतो.